डिस्ने वर्ल्डमध्ये कुटुंबासह बसून जेवायचं असेल तर: बुकिंगपासून बिलापर्यंत

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जाणारी आपली मंडळी विमान, हॉटेल, पार्कची तिकिटं असं सगळं महिनोन्‌महिने आधी पक्कं करतात आणि जेवणाचं मात्र "तिथे गेल्यावर बघू" म्हणून सोडून देतात. मग भर दुपारी दीड वाजता आजी बाकावर घाम पुसत बसलेली असते, धाकटं स्ट्रोलरमध्ये भोकाड पसरतं आणि फोनवर रात्री पावणेदहाचं एकच टेबल दिसत असतं. दुसऱ्या टोकाचेही लोक आहेत. ते नाश्ता, दुपार, रात्र असं तिन्ही वेळचं बुक करतात आणि महागडं तिकीट काढून अर्धा दिवस टेबलाशी बसून काढतात.

दोघांचं गणित चुकतं ते एकाच ठिकाणी: क्रमात. बहुतेक जण आधी रेस्टॉरंट पसंत करतात आणि मग दिवस त्याच्याभोवती गुंडाळतात. करायचं उलट. आधी दिवस, मग पार्क, मग वेळ, आणि सगळ्यात शेवटी रेस्टॉरंट. पुढचे टप्पे याच क्रमाने आहेत. हे सगळं बसून जेवायच्या, म्हणजे टेबल सर्व्हिसच्या जागांबद्दल आहे. काउंटरवरून ताट उचलायच्या क्विक सर्व्हिसला आगाऊ बुकिंग लागत नाही.

टप्पा १: माणसांची आणि पथ्यांची यादी

कागदावर प्रत्येकाचं नाव लिहा आणि पुढे जेवायच्या दिवशीचं वय लिहा. ३ ते ९ वर्षांपर्यंत मुलांचा दर लागतो. १० पूर्ण झाली की मोठ्यांचा, मग पोरगं दोन घास खाऊन उठलं तरी. ३ वर्षांखालच्यांना बुफेत वेगळे पैसे पडत नाहीत, पण बुकिंग करताना त्यांनाही माणसांत धरावंच लागतं. मांडीवरचं बाळ मोजलं नाही म्हणून दारात खुर्ची कमी पडणं ही नेहमीची फजिती.

त्यापुढचा रकाना पथ्याचा. इथे "व्हेज" एवढंच लिहून भागत नाही. अंडं चालतं का? एकाच तेलात किंवा एकाच तव्यावर केलेलं चालतं का? कांदा-लसूण? चिकन चालतं पण बीफ आणि पोर्क नको, असं कोणी आहे का? शेंगदाणे, दूध, तीळ यांची खरीखुरी ॲलर्जी कोणाला आहे? मधुमेह असलेल्या आजोबांना किती वाजता काहीतरी पोटात लागतं?

आणि कालनिर्णय बघा. थट्टा नाही. माणशी दराच्या बुफेचं बुकिंग नेमकं एकादशीला पडलं, तर आई ताटात फळं घेऊन बसणार आणि बिल पूर्ण येणार. संकष्टी असेल तर रात्रीच्या जेवणाची वेळ तिथल्या चंद्रोदयानंतरची हवी.

टप्पा २: दिवस, पार्क आणि वेळ

पार्क चार: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज, ॲनिमल किंगडम. कोणत्या दिवशी कुठे, हे ठरल्याशिवाय एकही टेबल शोधू नका. पार्कच्या आतल्या रेस्टॉरंटला बुकिंग असलं तरी त्या दिवशीचं पार्कचं तिकीट लागतंच. डिस्नेच्या रिसॉर्ट हॉटेलांतल्या आणि डिस्ने स्प्रिंग्ज या दुकानं-रेस्टॉरंटांच्या भागातल्या रेस्टॉरंटांना तिकीट लागत नाही. म्हणून पोचल्याच्या दिवसाचं किंवा विश्रांतीच्या दिवसाचं बैठं जेवण तिथे ठेवा.

दिवसाला एकच बैठं जेवण, आणि पाच दिवसांत तीनच घेतली तरी काही बिघडत नाही. एका जेवणाला दीड तास धरा. आत बसायला थांबणं, मागवणं, खाणं, बाथरूम, स्ट्रोलर शोधणं यात तेवढा वेळ सहज जातो.

वेळ निवडताना आपलं घरचं घड्याळ विसरा. सकाळचे पहिले दोन तास रांगा सगळ्यात लहान असतात. तेव्हा टेबलाशी बसणं म्हणजे तिकिटाचा सर्वांत कसदार भाग वाया घालवणं. चांगल्या वेळा दोनच: सकाळी ११ ते ११.३०, किंवा दुपारी ३ ते ४. पहिल्या वेळेत गर्दीच्या आधी जेवून मोकळे होता. दुसरी वेळ उन्हाळ्यात तर रामबाण, कारण फ्लोरिडात जून ते सप्टेंबर दुपारनंतर गडगडाटी पाऊस ठरलेला. उघड्यावरच्या राइड बंद पडतात तेव्हा तुम्ही एसीत जेवत असता. शिवाय ३ वाजता पोटभर जेवलं की रात्री थोडंसंच लागतं.

एपकॉटमधला निरनिराळ्या देशांचा भाग, म्हणजे वर्ल्ड शोकेस, साधारणपणे ११ वाजता उघडतो. त्या दिवशी सकाळी राइड आणि दुपारनंतर तिकडे जेवण, हा क्रम आपसूक बसतो.

सावध: रात्री साडेसात-आठचं टेबल लहान मुलांसाठी घेऊ नका. दिवसभर चालून पोरं सूप येईपर्यंत टेबलावर डोकं टेकतात. आतषबाजीची वेळही साधारण त्याच्या पुढेमागेच असते, ती चुकते ते वेगळंच.

टप्पा ३: आता रेस्टॉरंट

निवडताना तीन प्रश्न विचारा: मुलांना काय बघायचंय, घरातल्या शाकाहारी माणसाला तिथे खरोखर जेवता येईल का, आणि तिथे पोचायचं कसं.

मुलांना मिकी, डोनाल्ड किंवा राजकन्या टेबलाशी यायला हव्या असतील, तर कॅरेक्टर डायनिंग एकदाच घ्या. कंटेम्पररी रिसॉर्टमधलं शेफ मिकीज, मॅजिक किंगडमच्या किल्ल्यातलं सिंड्रेलाज रॉयल टेबल, एपकॉटच्या नॉर्वे पॅव्हिलियनमधलं आकर्शुस ही नेहमीची नावं. ॲनिमल किंगडममधल्या टस्कर हाउसच्या बुफेत डोनाल्ड भेटतो आणि मसालेदार, आपल्या जिभेला ओळखीचं वाटेल असंही काहीतरी मिळतं. बुफेचा मोठा फायदा म्हणजे आजी-आजोबांना पदार्थ डोळ्यांनी बघून घेता येतो.

शाकाहाऱ्यांनी ठरावीक दराच्या मांसाहारी जेवणांपासून लांब राहावं. पॉलिनेशियन रिसॉर्टमधलं ओहाना रात्री सळयांवर भाजलेल्या मांसासाठी गाजलेलं आहे. तिथे शाकाहारी ताट करून देतात, पण दर तोच. एपकॉटच्या जपानमधल्या टेपान एडोत समोरच्या गरम तव्यावर सगळ्यांचं एकत्र शिजतं. घरात कडक पथ्य असेल तर तिथे जाऊन कपाळाला आठ्या घालून बसण्यात अर्थ नाही.

मिश्र खाणाऱ्या मराठी कुटुंबासाठी माझा कौल सनाला. हे ॲनिमल किंगडम लॉजच्या किडानी व्हिलेजमध्ये आहे, म्हणजे पार्कचं तिकीट लागत नाही. आफ्रिकी स्वयंपाकाला भारतीय मसाल्यांची जोड आहे. तिथला ब्रेड सर्व्हिस हा प्रकार टेबलाच्या मध्यभागी मागवा: नानसारख्या रोट्या आणि लहान लहान वाट्यांतून रायतं, आंब्याची चटणी, चिंचेची चटणी, तिखट लोणचं. चार दिवस फ्राइज खाऊन कंटाळलेली माणसं त्या वाट्या बोटाने पुसून खातात. खिडकीबाहेर माळरान आहे आणि त्यावर जिराफ, झेब्रे चरत असतात. मात्र अंधार पडला की त्यातलं काही दिसत नाही. डिसेंबरात ऑरलँडोत साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात इथे दुपारचंच टेबल घ्या.

पोचण्याचा प्रश्न लोक सगळ्यात हलक्यात घेतात. मॅजिक किंगडमहून कंटेम्पररीला चालत किंवा मोनोरेलने जाता येतं. एपकॉटहून रिव्हिएरा रिसॉर्टला स्कायलायनर या रोपवेच्या पाळण्यातून जाता येतं. ॲनिमल किंगडम लॉजला मात्र बस किंवा गाडीच. आणि एका रिसॉर्टहून दुसऱ्या रिसॉर्टला बसने जायचं, तर बहुधा मध्ये एखाद्या पार्कवर किंवा डिस्ने स्प्रिंग्जला उतरून बस बदलावी लागते. अशा वेळी पाऊण ते एक तास हातात ठेवा.

तपासा: निवडलेल्या प्रत्येक जागेचा मेनू आणि दर डिस्नेच्या अधिकृत साइटवर वाचा. मेनू बदलत राहतात, मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मैत्रिणीच्या सांगण्यावर विसंबू नका.

टप्पा ४: बुकिंगचा दिवस

टेबलं ६० दिवस आधी खुली होतात. डिस्नेच्या हॉटेलात उतरणार असाल तर चेक-इनच्या ६० दिवस आधी तुम्हाला मुक्कामाचे सगळे दिवस, जास्तीत जास्त १०, एकदम बुक करता येतात. बाहेर उतरणाऱ्यांना रोज एकेक दिवस मोजत बसावं लागतं.

उदाहरण घ्या. २० डिसेंबरला चेक-इन आहे, तर तुमचा दिवस २१ ऑक्टोबर. डिस्नेच्या हॉटेलात असाल तर त्याच सकाळी २० पासून पुढचे सगळे दिवस. बाहेर असाल तर २१ ऑक्टोबरला फक्त २० डिसेंबर, २२ ला २१ डिसेंबर, असं पुढे.

ऑनलाइन बुकिंग फ्लोरिडाच्या वेळेनुसार सकाळी ६ ला उघडतं. शिकागो किंवा डॅलसला पहाटेचे ५, कॅलिफोर्नियात ३. पुण्या-मुंबईहून करणाऱ्यांची चंगळ आहे: अमेरिकेत उन्हाळी घड्याळ चालू असताना दुपारी साडेतीन, हिवाळ्यात साडेचार.

त्याआधी एवढं करून ठेवा:

१. डिस्नेच्या साइटवर अकाउंट उघडून घरातल्या सगळ्यांची नावं त्यात जोडा.
२. क्रेडिट कार्ड आधीच भरून ठेवा. भारतातलं कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा. ऐन वेळी ओटीपीची वाट बघताना टेबल जातं.
३. प्रत्येक जेवणासाठी पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहून समोर ठेवा.

आता बुक करण्याचा क्रम. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांनी मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांपासून सुरुवात करावी आणि सर्वांत दुर्मीळ जागा त्या दिवसांत टाकावी. कारण साधं आहे: ते दिवस बाहेरच्या लोकांना अजून दिसतच नाहीत, स्पर्धा कमी असते. पहिल्या दिवसासाठी मात्र सगळेच रांगेत असतात. बाहेर उतरणाऱ्यांनी रोज सकाळी फक्त त्या दिवसाचं एकच टेबल साधावं.

सहा जणांचं टेबल मिळत नसेल तर एकाच वेळेचं चार आणि दोन असं शोधून बघा. जवळजवळ बसवा अशी विनंती दारात करता येते, पण ती मानतीलच असं नाही.

तपासा: कन्फर्मेशन आलं की चार गोष्टी मोठ्याने वाचा. तारीख, एएम की पीएम, माणसं, जागा. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ०७/०८ म्हणजे ७ ऑगस्ट नव्हे, ८ जुलै.

टेबल मिळालं नाही तर निराश होऊन बसू नका. बहुतेक जागी २ तास आधीपर्यंत फुकट रद्द करता येतं, त्यामुळे लोक शेवटच्या क्षणी सोडतात. आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी डिस्नेचं ॲप पुन्हा उघडा.

टप्पा ५: खर्च

मेनूवरचा आकडा हा बिलाचा आकडा नसतो. तिथे विक्रीकर साडेसहा टक्के. सहा किंवा जास्त माणसं असतील तर १८ टक्के टिप बिलातच लावून येते.

समजा ठरावीक दर मोठ्यांना ६० डॉलर आणि मुलांना ४०. आजी, आजोबा, आई, बाबा, ११ वर्षांची ताई आणि ६ वर्षांचा धाकटा. ताई मोठ्यांत, म्हणून ६० गुणिले ५ अधिक ४०, म्हणजे ३४०. कर २२.१०, टिप ६१.२०. एकूण ४२३.३० डॉलर. हा आकडा घरी बघून ठरवलेला बरा.

रद्द करायचं राहून गेलं आणि गेलाच नाहीत, तर बहुतेक ठिकाणी माणशी १० डॉलर कापतात, म्हणजे सहा जणांचे ६०. हूप-डी-डूसारख्या कार्यक्रमासहित जेवणांना पैसे आधीच भरावे लागतात आणि रद्द करण्याचे नियमही वेगळे असतात. अटी बुकिंगच्या पानावरच असतात, त्या वाचा.

डिस्नेचा डायनिंग प्लॅन, म्हणजे जेवणांचे पैसे आधीच भरून ठेवायची योजना, हॉटेलच्या पॅकेजबरोबर घेता येतो. त्यात टिप धरलेली नसते. शाकाहारी आणि कमी खाणाऱ्या कुटुंबाला तो क्वचितच परवडतो. मला तरी वाटतं, ताटागणिक पैसे द्यावेत.

टप्पा ६: जाण्याच्या आठवड्यात

लायटनिंग लेन, म्हणजे पैसे भरून छोट्या रांगेतून जायची सोय, डिस्नेच्या हॉटेलवाल्यांना ७ दिवस आधी आणि इतरांना ३ दिवस आधी घेता येते. प्रत्येक राइडला साधारण तासाभराची वेळ मिळते. ती निवडताना जेवणाच्या वेळा समोर ठेवा. जेवणाच्या अर्धा तास आधीपासून ते दीड तास नंतरपर्यंत काहीही घेऊ नका.

बॅगेत खाऊ भरा. पार्कमध्ये स्वतःपुरतं बाहेरचं खाणं न्यायला परवानगी आहे. काचेची भांडी, दारू, सुटा बर्फ चालत नाही, आणि खाणं गरम करावं लागणारं नको. दशम्या, ठेपले, चिवडा, लाडू, सुकी चटणी असं सगळं चालतं. क्विक सर्व्हिसच्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मागता येतं. टेबल ३ वाजताचं असेल तर साडेबाराला प्रत्येकाच्या पोटात एक ठेपला गेलेला हवा.

टप्पा ७: त्या दिवशी

माय डिस्ने एक्स्पिरिअन्स ॲपवरून, रेस्टॉरंटच्या जवळ पोचल्यावर चेक-इन करता येतं. वेळेच्या दहा मिनिटं आधी दाराशी असा. टेबल तयार झालं की मेसेज येतो. वेळेवर गेलात म्हणजे लगेच खुर्ची मिळेलच असं नाही, वीस मिनिटं थांबावं लागू शकतं. उशीर होणार असेल तर ॲपवर वेळ बदलून मिळते का ते बघा.

आजी दमून हॉटेलवर थांबली तर माणसांची संख्या आधीच कमी करा. स्ट्रोलर बहुधा बाहेर लावावी लागते. पासपोर्ट, औषधं, पैसे स्ट्रोलरच्या खिशात ठेवून आत जाऊ नका.

टेबल बुक केलेलं नसेल तर ॲपमधल्या वॉक-अप लिस्टमध्ये, म्हणजे बुकिंगशिवाय आलेल्यांच्या यादीत, नाव टाकून बघा. दोघांचं पटकन लागतं, सहांचं कठीण.

टप्पा ८: टेबलावर बसल्यावर

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आपण "वी आर व्हेजिटेरियन" म्हणतो आणि गप्प बसतो. समोरच्याच्या हिशेबात व्हेजिटेरियनला अंडं चालतं, आणि चिकनच्या पाण्यात शिजवलेला भात त्याच्या डोक्यातही येत नाही. म्हणून जे जे नको ते एकेक करून सांगा: "नो मीट, नो फिश, नो एग, नो चिकन ब्रॉथ, नो जेलाटिन." चीजमधल्या रेनेटपर्यंत (दूध साकळवायला घालतात तो अर्क, जनावराच्या पोटातूनही येतो) पथ्य असेल तर तेही.

मेनूवर पानाचं चिन्ह दिसेल. त्याचा अर्थ प्लँट-बेस्ड, म्हणजे मांस, अंडं, दूध, मध काहीच नाही. पान नसलेला पदार्थही शाकाहारी असू शकतो, त्यात फक्त चीज किंवा लोणी असेल. एवढ्यासाठी सगळ्यांना पानवालंच खायला लावू नका, विचारा.

ॲलर्जी किंवा कडक पथ्य बुकिंगमध्ये नोंदवलेलं असलं तरी वेटरला पुन्हा सांगा आणि शेफशी बोलायचंय म्हणा. यात कसला संकोच? टेबल सर्व्हिसमध्ये शेफ बाहेर येऊन बोलतात आणि बरेचदा मेनूबाहेरचंही करून देतात. बुफेत तर शेफ कोणत्या भांड्यात काय आहे ते दाखवतात. फक्त आवडनिवड असेल तर "ॲलर्जी" म्हणू नका. तो शब्द ऐकला की स्वयंपाकघरात वेगळी भांडी, वेगळा क्रम सुरू होतो आणि ताट उशिरा येतं. धार्मिक कारणाने नको, असं सरळ सांगितलं तरी ते नीट ऐकतात.

सूप, भात, ग्रेव्ही, उसळीसारखे बीन्स, मूस, मार्शमेलो आणि सॅलडवरचं ड्रेसिंग यांबद्दल विचारल्याशिवाय चमचा उचलू नका. सीझर ड्रेसिंगमध्ये मासे असतात. मिकीच्या तोंडाच्या आकाराच्या वॉफलमध्ये आणि पॅनकेकमध्ये साधारणपणे अंडं असतं. अंड्याशिवायचं हवं तर मागून घ्या.

कॅरेक्टर डायनिंगला बसल्या बसल्या वेटरला विचारा, मिकी आत्ता कोणत्या टेबलाशी आहे. पात्रं एकामागून एक फिरत येतात. तो दोन टेबलं लांब असताना बाबा ताट भरायला गेले की फोटोत बाबा नसतात. सहीची वही आणि जाड पेन आधीच बाहेर काढून ठेवा. एखादं पात्र चुकलंच तर उठण्यापूर्वी वेटरला सांगा. धाकटा घाबरला तर त्याला पुढे ढकलू नका, पात्रं लांबूनही हात हलवतात.

टप्पा ९: बिल

बिल आलं की ग्रॅच्युइटीची ओळ शोधा. १८ टक्के आधीच लावलेले असतील तर खाली टिपसाठी रिकामी जागा दिसली तरी ती भरायची सक्ती नाही. घाईत दोनदा टिप देणारे बरेच. पाच किंवा कमी माणसं असतील तर मात्र टिप तुम्हालाच लिहायची आहे, १८ ते २० टक्के. अमेरिकेत ती ऐच्छिक म्हणून सोडून देत नाहीत, वेटरचा पगार त्यावर चालतो.

मुलांचे दर नीट लागलेत ना, ३ वर्षांखालच्याचे पैसे लावले नाहीत ना, हे तिथेच बघा. चूक सांगितली की लगेच दुरुस्त करतात. डिस्नेच्या हॉटेलात असाल आणि खोलीच्या नावावर खर्च टाकत असाल, तर पावतीचा फोटो काढून ठेवा आणि चेक-आउटच्या आदल्या रात्री ॲपवरच्या हिशेबाशी ताडून बघा. टिप पक्की होऊन आकडा बदलायला कधी कधी वेळ लागतो, त्यामुळे घरी परतल्यावर आठवड्याभराने कार्डाचं स्टेटमेंटही एकदा उघडा.